शेळी आत होती की बाहेर

अक्का गेली त्याला आता दोन महिने होतील. पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावाकडून बरीच माणसं आली होती. जेवणं झाल्यावर अंगणात सतरंजीवर बसून एकेक जण तिच्याबद्दल बोलला. ती वडीगोद्रीपर्यंत एकटी पायी आली आणि तिथून एसटीनं अंबडच्या पोलीस ठाण्यात गेली, सख्ख्या दिराविरुद्ध उभी राहिली, सासरचं दार बंद झालं तरी मागे हटली नाही. हे सगळं खरं आहे. मी ऐकत होते, पण माझ्या डोळ्यांपुढे वेगळीच अक्का येत होती. जुन्या जालन्यातल्या आमच्या मागच्या खोलीत पाटावर बसलेली, आणि समोर बसलेल्या स्वतःच्या लेकीला आवाज चढवून, वकिलासारखं विचारणारी, "शेळी कुठं होती? आत का बाहेर?"

त्याबद्दल अंगणात कुणी काही बोललं नाही, कारण ते आम्हा तिघींशिवाय आणि एका म्हाताऱ्या वकिलाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. वकील जाऊन खूप वर्षं झाली. आता अक्काही गेली. म्हणून आता लिहिते आहे.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. वडिलांना शिक्षणाचं महत्त्व पटेपर्यंत तिचं लग्न होऊन गेलं होतं. तिच्या वाट्याचं शिक्षणही मलाच मिळालं असं ती म्हणायची, रागानं नाही, पदरात काही बांधून दिल्यासारखं. मी जालन्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. ती वडीगोद्रीच्या पलीकडच्या एका लहान गावात नांदत होती. तिचा नवरा तापानं गेला तेव्हा लेक जेमतेम चालायला लागली होती. त्यानंतर घरात सासू, दीर, जाऊ आणि या दोघी मायलेकी.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या बाया खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायच्या. सासू, जाऊ, अक्का, तिघीही जायच्या. पाय दुखतो म्हणून दीर घरी राहायचा. पोर तेव्हा सातवीत होती. शाळा सुटली की घरी येऊन शेळीला पाणी पाजायचं, चूल पेटवून ठेवायची, हे तिचं काम.

काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. ते कागदावर एकदा लिहिलं गेलं आहे, ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं आहे, आणि तेवढं पुरे.

खटला औरंगाबादच्या सेशन कोर्टात चालला. पोरीची साक्ष होती त्या दिवशी आम्ही तिघी सकाळच्या गाडीनं गेलो. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी आधी दालनातली बघ्यांची गर्दी बाहेर काढायला लावली. मग पट्टेवाल्याला स्टूल आणायला सांगितलं आणि पोरीला म्हणाले, "बस बाळ. उभं राहून सांगायला हवं असं काही नाही." मी आणि अक्का दाराबाहेरच्या बाकावर होतो. दार बंद असलं तरी वरच्या झरोक्यातून आवाज येत होता.

आरोपीच्या वकिलाचं म्हणणं तीन गोष्टींवर होतं. विधवेला जमिनीत हिस्सा पाहिजे म्हणून हे कुभांड रचलं. फिर्याद लगेच दिली नाही, मध्ये दिवस गेले. आणि पोर पढवलेली आहे. हे तिसरं दाखवायला त्यांनी शेळी धरली. पोलिसांपुढे पोर म्हणाली होती की शेळी बाहेर लिंबाखाली बांधलेली होती. कोर्टात म्हणाली, आत होती.

"आत का बाहेर? नीट सांग."

"आत."

"मग पोलिसांना बाहेर का सांगितलंस?"

 मग पोरीचा रडका आवाज आला, "मला न्हाई आठवत शेळीचं."

अक्कानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "गेलं," ती म्हणाली. "शेळीनं घात केला."

पण घात झाला नाही. न्यायाधीशांनी त्याला दोषी धरलं आणि सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली.  अक्कानं कोर्टाच्या आवारातल्या नळावर तोंड धुतलं, मग पोरीचं धुतलं, शेतातून आल्यावर धुतात तसं, मानेच्या मागेसुद्धा. सासरचं दार फिर्याद दिल्यापासूनच बंद होतं, त्या दोघी गावाला परत गेल्याच नाहीत, माझ्याकडेच राहिल्या. माझ्याकडे दोन खोल्या होत्या. अक्का मोंढ्यात एका आडतीच्या दुकानात धान्य निवडायला जाऊ लागली आणि पोर माझ्याच शाळेत आठवीत बसली.

वर्ष बरं गेलं. मग एका बाजारच्या दिवशी जावेचा भाऊ अक्काला भेटला. मीही सोबत होते. भाजीची पिशवी माझ्या हातात होती.

"काय आक्काबाई, शहरात जमलं ना चांगलं?"

अक्का चालत राहिली.

"आमचा माणूस आलाय घरी. जामिनावर. मुंबईला अपील टाकलंय, हायकोर्टात."

अक्का थांबली. "मंग?"

"मंग काय? तुमचा औरंगाबादचा जज तिथं चालत न्हाई. तिथं सगळं पहिल्यापासून. पोरीला घेऊन या मुंबईला. समुंदर बी बघून होईल तिचा."

तो हसत गर्दीत गेला. आम्हाला यातलं कुणीच कळवलं नव्हतं. खटला सरकारचा असतो, अपील आरोपीचं असतं, फिर्याद देणारी बाई तिथं कुणीच नसते, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की जे संपलं असं धरून आम्ही वर्षभर जेवत-झोपत होतो ते संपलेलं नव्हतं.

'पहिल्यापासून' यावर आमचा विश्वास का बसला तेही सांगते. आमच्याकडे भावकीचा तंटा गावातल्या गावात मिटला नाही की बाहेरगावचे चार मोठे पंच बोलवायची रीत होती. ते आले की दोन्ही बाजूंनी आपापलं गाऱ्हाणं त्यांच्यापुढं नव्यानं मांडायचं. आधीच्या पंचांपुढं बोललेला शब्द आणि आताचा शब्द जुळला नाही, की समोरचा लगेच उठून म्हणायचा, "बघा, फिरला." आणि फिरला तो हरला. अक्कानं लहानपणापासून हेच पाहिलेलं. मुंबईचं हायकोर्ट म्हणजे तिच्या लेखी लांबून बोलावलेले सगळ्यात मोठे पंच. पुस्तकं वाचणारी मीसुद्धा यापेक्षा वेगळं काही समजत नव्हते.

घरी आल्यावर अक्कानं लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "आता शब्द फिरायला न्हाई पाह्यजे."

मोंढा बंद असायचा त्या दिवशी दुपारी ती पोरीला मागच्या खोलीत समोर बसवू लागली. अक्का वकील व्हायची. किती वाजता शाळा सुटली? रस्त्यात कोण भेटलं? चूल पेटवली होती का? दार कुठल्या अंगाला? शेळी कुठं होती? पोर उत्तरं द्यायची. शेळी आत होती असं ठरलं होतं, कारण कोर्टातलं बोलणं तेच होतं. मधलं अक्का विचारायची नाही. दारापाशी येऊन थांबायची, थोडा वेळ दोघीही गप्प बसायच्या, आणि मग ती दाराच्या पुढचं विचारायची. माय कामावरून आली तेव्हा सूर्य कुठं होता? तू कुठं बसली होतीस? मायनं पहिल्यांदा काय विचारलं?

मी पुढच्या खोलीत वह्या तपासत असायचे. पाढे म्हणतात तसा पोरीचा आवाज यायचा. सुरुवातीला ती अडखळायची. नंतर अडखळणं गेलं, आणि तेच मला ऐकवेनासं झालं.

पोर दहावीत गेली. तोवर मुंबईहून काहीच कळलं नव्हतं, आणि दर आठवड्याचा तो नेम चालूच होता. एके दिवशी ती भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. मी तिला नद्या विचारल्या. गोदावरी आली, पूर्णा आली, पुढं काही येईना.

"काल तर येत होत्या," मी म्हणाले.

"न्हाई राहत गं मावशी डोक्यात."

"का?"

तिनं पुस्तकावरून मान वर केली नाही. "जागा कुठंय? तिथं ते बसलंय ना. ते हाललं की माय ओरडती." मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "मावशी, माझं लग्न झाल्यावर बी पाठ ठेवावं लागंल का?"

 मी उठले, चपला घातल्या आणि वकीलसाहेबांकडे गेले.

वकीलसाहेब आमच्याच भागात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत राहायचे. निजामाच्या काळात उर्दूत वकिली केलेले, नंतर इंग्रजी-मराठीत. त्यांची नात माझ्या वर्गात होती, तेवढीच ओळख. त्यांनी मला बैठकीत बसवलं आणि चहा मागवला.

"बाई, नात नापास झाली काय?"

"नाही साहेब. माझंच काम होतं. मुंबईला साक्षीला जायचं असलं तर किती दिवस आधी कळवतात?"

"कोणाची साक्ष?"

मी सगळं सांगितलं. खरं तर थोडंच सांगितलं. जालना लहान होतं, त्यांना बरंचसं ठाऊक असावं. ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. माझं बोलून झाल्यावर डोळे उघडले.

"त्या पोरीला कोण बोलावणार आहे?"

"अपील आहे ना साहेब."

"अपिलात साक्षीदार येत नसतो. बिलकुल नाही. कोणी उभं राहत नाही, कोणी सांगत नाही. औरंगाबादला जे लिहून घेतलं ते टाइप होऊन मुंबईला जातं. दोन्हीकडचे वकील त्याच कागदांवर भांडतात. जज तेच कागद वाचतात. बस."

"पण पहिल्यापासून सगळं..."

"पहिल्यापासून वाचतात, बाई. पहिल्यापासून विचारत नाहीत. कधी लाखात एखादी केस असते, जास्तीचा पुरावा घ्या म्हणून सांगतात. ह्यात मला तसं काही दिसत नाही."

माझा चहा तसाच राहिला होता. मी विचारलं, "म्हणजे ती ते विसरली तरी चालेल?"

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "विसरू द्या की. कागदाला लक्षात आहे."

आजही त्या बैठकीतला तो क्षण आठवला की खांद्यांवरून काही उतरल्यासारखं वाटतं. मी त्यांना विचारलं, तो सुटू शकतो का. त्यांनी खोटा धीर दिला नाही. सुटू शकतो, म्हणाले. पुरावा स्वतः तपासून वेगळं मत द्यायचा अधिकार हायकोर्टाला आहे. पण ज्यानं साक्षीदाराला समोर पाहिलं, त्याचा आवाज ऐकला, त्याचं रडणं पाहिलं, त्या खालच्या जजच्या मताला वरचे लोक वजन देतात. उगीच फिरवत नाहीत. काहीतरी मोठी चूक दिसावी लागते.

घरी येऊन मी हे अक्काला सांगितलं. वाटलं होतं ती मोकळी होईल. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी माझ्या पोरीला ते बघणारच न्हाईत?"

"नाही. बघायची गरज नाही."

"न बघता कसं कळंल?" ती जवळजवळ ओरडली. "तोंडाकडं बघितलं की कळतंय. औरंगाबादच्यानं बघितलं म्हणून त्याला कळलं. कागदाला तोंड असतंय का?"

तिचा राग मला तेव्हा अडाणीपणाचा वाटला नाही, आताही वाटत नाही. दोन वर्षं ती ज्याला घाबरत होती त्याच गोष्टीवर तिची आशाही होती, की मुंबईचा माणूससुद्धा शेवटी पोरीकडे पाहील.

"मी विचारते त्या वकिलाला," ती म्हणाली. "तू शिकलेली, तुला कुणी बी गुंडाळतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. अक्का खुर्चीवर बसायला तयार नव्हती. वकीलसाहेब म्हणाले, "बसा माई. तुम्ही उभ्या राहिलात तर मलाही उभं राहावं लागेल, आणि माझे गुडघे गेलेत." तेव्हा ती खुर्चीच्या कडेला टेकली.

"मला एक सांगा साहेब," ती म्हणाली. "त्या शेळीचं काय? माझी पोर एकदा बाहेर म्हणली, एकदा आत म्हणली. ते कागदात तसंच ऱ्हाणार. तिथं तिला बोलू दिलं तर ती आता बराबर सांगंल. एक शब्द इकडचा तिकडं होणार न्हाई."

"असं? कसं काय?"

"मी करून घेतलंय तिच्याकडून. दर आठवड्याला. तुम्ही झोपंतून उठवून विचारा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. बोलले तेव्हा आवाज खूप हळू होता.

"माई, समोरच्या वकिलाचं म्हणणं काय होतं? पोर पढवलेली आहे, हेच ना?"

"हाव. खोटारडा."

"खोटारडा. बराबर. त्या दिवशी कोर्टात पोर चुकली. रडली. आठवत नाही म्हणाली. आता तुम्ही म्हणता, मुंबईत ती एक शब्द चुकणार नाही. वाटेल ते विचारा, फटाफट सांगेल. मग तो वकील जजला काय सांगेल?"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला नाही. तिचा हात हळूच तोंडाकडे गेला.

"अगं माय," ती म्हणाली. "मीच पढवली की तिला."

"तुम्ही काही वाईट केलं नाही," वकीलसाहेब घाईनं म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण अल्लाची मेहरबानी समजा, तिथं कोणी विचारत नाही. कागदातली पोर अजून तशीच आहे. चुकणारी. तिला तशीच राहू द्या."

 परत येताना गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अक्का थांबली आणि अचानक हसायला लागली. पदर तोंडात धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. कापडाच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघू लागला. "दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं मी त्या शेळीला आत बांधून राह्यले, आणि वकील म्हणतो, सोडून दे."

घरी पोर दारातच उभी होती. तिला वाटलं काहीतरी वाईट घडलं. अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता न्हाई विचारायचं," ती म्हणाली. "कुणीच विचारणार न्हाई. मी बी न्हाई."

"मुंबईला?"

"मुंबईला जायचंच न्हाई."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती खाली बसली, तिथंच उंबऱ्यावर. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग मी नद्या करते."

मोंढा बंद असण्याचा पुढचा दिवस आला तेव्हा दुपारी काय करावं हे दोघींनाही सुचेना. अक्कानं सवयीनं पाट मांडला आणि मग तोच पाट घेऊन चुलीपुढे बसली. धपाटे केले. पोर खाऊन मागच्या खोलीत आडवी झाली ती दिवेलागणीपर्यंत झोपली. मध्ये एकदा मी उठवायला गेले तर अक्कानं हातानंच दूर केलं. तिथं भिंतीला टेकून बसून ती झोपलेल्या लेकीकडे बघत होती, जसं तान्ह्या बाळाकडे बघतात, कारण नसताना.

सगळी काळजी संपली नव्हती. तो सुटू शकतो, हे वकीलसाहेबांनी सांगितलेलं मी विसरले नव्हते, आणि अक्काही विसरली नव्हती. जामिनावर तो गावात हिंडत होता. पण ती काळजी आता आमची दोघींची होती, पोरीची नव्हती. दोन मोठ्या बाया एक काळजी वाहू शकतात. पोर दहावी पास झाली. भूगोलात तिला बरे गुण मिळाले.

निकाल त्यानंतर आला. वकीलसाहेबांचा एक ओळखीचा मुंबईत होता, त्याच्याकरवी त्यांनी निकालाची प्रत मागवली आणि नातीबरोबर मला शाळेत निरोप पाठवला. निरोप असा होता, "बाईंना सांग, पेढे घेऊन या म्हणावं, पण थोडे."

ते 'थोडे' ऐकून मी वाटभर घाबरलेली होते. अक्काला सोबत घेतलं. वकीलसाहेबांनी कागद माझ्या हातात दिले. "तुम्ही वाचा बाई. मी वाचलं तर माईंना वाटेल मी पदरचं घालतोय."

इंग्रजी टाइप केलेलं होतं. अशा कागदाला एक ठरलेली चाल असते हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आधी घटना थोडक्यात. मग खालच्या कोर्टानं काय धरलं. मग अपील करणाऱ्याचे मुद्दे एकेक करून. मग प्रत्येकाला उत्तर. पोरीचं नाव फार कमी ठिकाणी होतं, बहुतेक जागी ती नुसती 'फिर्यादी मुलगी' होती. मी एकेक वाक्य मनात मराठी करून अक्काला सांगत गेले.

जमिनीचं लिहिलं होतं की आपल्या लेकीची अब्रू चव्हाट्यावर मांडून कुणी आई जमिनीचा तुकडा मागेल हे पटत नाही. उशिराचं लिहिलं होतं की त्याच घरात, त्याच माणसांत राहणाऱ्या विधवेला ठाण्यापर्यंत जायला दिवस लागले यात नवल नाही, ती गेली हेच विशेष.

"हे त्यांनी लिहिलंय?" अक्कानं विचारलं.

"हो."

"परत वाच."

मी परत वाचलं. मग शेळी आली. शेळीला एक अख्खा परिच्छेद दिला होता. मी थांबून अक्काकडे पाहिलं.

"काय म्हणत्यात?"

न्यायाधीशांचं म्हणणं असं होतं की शेळी आत होती का बाहेर याचा गुन्ह्याशी संबंध नाही. उलट या मुलीला कुणी शिकवून पाठवलं असतं, तर तिनं शेळी दोन्ही वेळा एकाच जागी बांधली असती. तिचा गोंधळ हाच तिच्या खरेपणाचा भाग आहे. खालच्या न्यायाधीशांनी तिला समोर पाहून जे मत नोंदवलं, त्यात हात घालायला काही कारण नाही. दोष कायम.

वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते, जणू त्यांना काही माहीतच नव्हतं.

अक्का म्हणाली, "मुंबईच्या हायकोर्टानं आमच्या शेळीवर लिहिलं?"

"अर्धं पान."

"त्या शेळीला किती शिव्या दिल्यात मी नंतर," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच हसू तिच्या तोंडावर आलं.

शेवटच्या पानावर ते 'थोडे' होतं. शिक्षा सातावरून पाच वर्षांवर आणली होती. पहिलाच गुन्हा, म्हातारी आई, अशी कारणं. जामीन रद्द, त्यानं हजर व्हावं. मी ते हळू आवाजात वाचलं. अक्काचं हसू गेलं. ती बराच वेळ हातातल्या पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसली.

"दोन वर्षं कापली," ती शेवटी म्हणाली. "कापू दे. खोटं तर न्हाई म्हणले ना तिला?"

"नाही."

"मंग झालं." तिनं पुडा सोडून वकीलसाहेबांपुढं धरला. "घ्या साहेब. थोडेच आणलेत."

पोरीला आम्ही रात्री जेवताना सांगितलं. पुरतं नाही, एवढंच की मुंबईच्या लोकांनी कागद वाचले आणि तू खरं बोललीस असं लिहिलं. तिनं घास गिळला आणि विचारलं, "सगळं वाचलं त्यांनी?" सगळं, मी म्हणाले. "मंग आता झालं ना वाचून?" झालं, मी म्हणाले. तिनं ताटात अजून भात घेतला.

पुढं ती नर्स झाली. लग्न झालं, दोन मुलं झाली. तिचा नवरा सगळं जाणतो, तिनंच सांगितलं, तिला हवं तेव्हा, तिच्या शब्दांत. अक्कानं त्या दिवसानंतर तिला कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. साधं दुपारी कुठं गेली होतीस हेसुद्धा विचारताना ती जरा अडखळायची.

पुण्यानुमोदन झालं, माणसं गेली. भाची चार दिवस माझ्याकडे राहिली. आम्ही दोघी अक्काची लुगडी वेगळी काढत बसलो होतो, वापरायची कुठली, द्यायची कुठली. बाहेर गल्लीत कुणाची तरी शेळी ओरडत होती, दोर गुंतला असावा. भाचीनं हातातलं लुगडं मांडीवर ठेवलं आणि थोडा वेळ ऐकलं.

"मावशी," ती म्हणाली, "आपली ती शेळी खरंच आत होती का बाहेर गं?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठ्या घालून, आणि तिला आठवत नव्हतं.

"मला काय माहीत बाई," मी म्हणाले. "मी कुठं होते तिथं?"

"मायला माहीत असंल," ती म्हणाली, आणि मग दोघींच्याही लक्षात आलं. तिनं डोळे पुसले. मग पुढचं लुगडं उचललं, उजेडात धरून विरलंय का पाहिलं, आणि वापरायच्या ढिगात ठेवलं.